टी-शर्टमागचं पाणी मोजायचं कसं? वॉटर फूटप्रिंट काढायची उलगडून सांगितलेली रीत

एका कॉटनच्या टी-शर्टला २५०० लिटर पाणी लागतं हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलंच असेल, एखाद्या पोस्टरवर नाहीतर कुणाच्या स्टेटसला. मी पण वाचलं होतं आणि एक दिवस सहज म्हणून स्वतःचा टी-शर्ट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला तर तो भरला १६२ ग्रॅम. मग तो २५०० वाला शर्ट कसला? तर तो २५० ग्रॅमचा शर्ट आहे आणि सुती कापडाची जागतिक सरासरी किलोला साधारण १० हजार लिटर आहे, म्हणजे नुसता गुणाकार आहे तो, पाव किलो गुणिले १० हजार. माझ्या शर्टाला त्याच हिशोबाने १६२० येतात. आणि त्या गुणाकारात कापड बेतताना जी कातरण वाया जाते ती धरलेलीच नाही, ती धरली तर आकडा परत वर जातो.

हे सांगायचं कारण असं की वॉटर फूटप्रिंट, म्हणजे एखादी वस्तू किंवा सेवा तयार होताना सुरुवातीपासून एकूण किती पाणी खर्ची पडलं तो आकडा, हे मीटरवर वाचायचं रीडिंग नाही. तो हिशोब आहे, आणि हिशोब म्हटलं की काय धरलं काय सोडलं, कुठलं पाणी, कुठून घेतलं, परत गेलं का, हे सगळं सांगितल्याशिवाय नुसत्या लिटरला काही अर्थ नाही. खाली मी एक वस्तू आणि एक सेवा अशी दोन उदाहरणं घेऊन पूर्ण हिशोब करून दाखवते, म्हणजे तुम्हाला तुमच्या वस्तूसाठी तसाच करता येईल. कागद, पेन, एक वजनकाटा आणि एक्सेलची शीट, एवढं पुरतं.

थोडी पार्श्वभूमी, पटकन. वस्तूच्या आत दडलेल्या पाण्याला आभासी पाणी म्हणायची कल्पना टोनी ॲलन या ब्रिटिश अभ्यासकाने १९९० च्या दशकात मांडली, त्यासाठी त्यांना २००८ चा स्टॉकहोम वॉटर प्राइझ मिळाला. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या आर्येन हूक्स्ट्रा यांनी वॉटर फूटप्रिंट हा शब्द आणि मोजायची कल्पना आणली, २००८ मध्ये वॉटर फूटप्रिंट नेटवर्क उभं राहिलं आणि २०११ मध्ये त्यांची सविस्तर पद्धत छापून आली. मग २०१४ ला आयएसओ १४०४६ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं. या दोन पद्धतींचं एकमेकींशी फारसं पटत नाही, त्यावर खाली येतेच.

सगळ्यात आधी, मोजताय कशासाठी ते लिहा

इथे ताकाला जाऊन भांडं लपवू नका. दोन वस्तूंपैकी कुठली बरी ते ठरवायचंय, की कारखान्यात पाणी कुठे जातंय ते शोधायचंय, की ग्राहकाला आकडा दाखवायचाय, की नुसतं कुतूहल आहे? यावर पुढचं सगळं ठरतं. कुतूहल असेल तर जागतिक सरासरी घेऊन पाच मिनिटांत उत्तर मिळतं. पण स्वतःच्या पुरवठादारांची तुलना करायची असेल तर सरासरी बिनकामाची, कारण सरासरीत सगळे पुरवठादार सारखेच दिसणार ना.

मग एकक ठरवा. वस्तूला सोपं असतं, एक शर्ट, एक किलो पीठ, एक लिटर दूध. सेवेला जरा डोकं लावावं लागतं. हॉटेल असेल तर एका खोलीची एक रात्र, लाँड्री असेल तर एक किलो धुतलेले वाळलेले कपडे, वाहतूक असेल तर एक टन माल एक किलोमीटर. 'आमच्या लाँड्रीचा फूटप्रिंट' हे एकक नाही, कारण जास्त कपडे धुतले की तो वाढणारच, त्यावरून काही कळत नाही.

आता मुख्य गोष्ट, वापरलं म्हणजे काय

आपण बोलताना 'पाणी वापरलं' म्हणतो ते दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. एक, नदीतून किंवा बोअरमधून उपसलं. दोन, ते संपलं. फूटप्रिंटमध्ये दुसरं मोजायचं असतं. पाणी संपलं असं कधी धरायचं तर चार वेळा: त्याची वाफ झाली, ते वस्तूतच राहिलं, ते दुसऱ्याच खोऱ्यात किंवा समुद्रात जाऊन पडलं, किंवा ते परत आलं पण भलत्याच काळात, म्हणजे कोरड्या दिवसांत उपसलं आणि पुराच्या दिवसांत सोडलं. बाकी जे त्याच नदीत परत गेलं ते संपलेलं नाही. ते घाण होऊन गेलं असेल तर त्याचा हिशोब वेगळ्या खात्यात.

तर खाती तीन. निळं पाणी म्हणजे नदी, तलाव, भूजल यातलं. हिरवं पाणी म्हणजे पावसाचं जे मातीत मुरून राहतं आणि झाडं पिऊन पानांतून हवेत सोडतात. आणि करडं पाणी, हे खरं तर पाणीच नाही, हा एक काल्पनिक आकडा आहे, सांडपाण्यातली घाण मर्यादेखाली विरळ करायला किती स्वच्छ पाणी लागलं असतं तेवढा. खूप जणांचा इथे गोंधळ होतो, करडं म्हणजे सांडपाण्याचे लिटर असं धरतात. तसं नाही हो. ७६ लिटर सांडपाण्याचं करडं पाणी २०८ लिटर येऊ शकतं, खाली करून दाखवते.

तीन रंगांची बेरीज करून एकच आकडा सांगायची सवय आहे लोकांना, पण त्यात काय हरवतं बघा. गोमांसाची जागतिक सरासरी किलोला १५,४१५ लिटर, हा आकडा फार फिरतो. त्यातलं १४,४१४ हिरवं आहे, म्हणजे गवतावर आणि चाऱ्यावर पडलेला पाऊस. निळं ५५० आणि करडं ४५१. आता ते पावसाचं पाणी काही फुकट नाही, त्या जमिनीवर दुसरं काही उगवता आलं असतं हे खरं, पण आटलेल्या विहिरीतून ओढलेल्या ५५० लिटरच्या पंगतीत त्याला बसवणं बरोबर नाही. म्हणून शीटमध्ये शेवटपर्यंत तीन कॉलम वेगळे ठेवा, बेरजेचा चौथा हवा तर करा.

शर्ट उलटा उसवत जाऊ

कागदावर शेवटच्या वस्तूपासून मागे मागे जायचं. शर्ट, त्याच्या आधी कापड, त्याच्या आधी सूत, त्याच्या आधी रुई, त्याच्या आधी सरकीसकट वेचलेला कापूस, त्याच्या आधी शेत. प्रत्येक टप्प्याला एक चौकोन, चौकोनात येणारा माल डावीकडे, जाणारा माल उजवीकडे, खाली वाया गेलेलं. हे चित्र काढायला अर्धा तास लागतो आणि निम्मं काम तिथेच होतं. जे लोक चित्र न काढता थेट एक्सेल उघडतात ते एकच पाणी दोनदा मोजतात, मी पण मोजलंय, रंगकामाचं पाणी एकदा कापडात आणि परत एकदा शर्टात.

हिशोब मात्र शेतापासून पुढे करायचा. शेताचं गणित एका वाक्यात: पिकाने हंगामभर किती मिलिमीटर पाणी हवेत सोडलं ते काढा, त्याला १० ने गुणा म्हणजे हेक्टरी घनमीटर मिळतात, आणि उत्पादनाने भागा. १० कुठून आले तर १ मिलिमीटर पाणी १ हेक्टरवर पसरलं की ते १० घनमीटर भरतं. आणि एक सोय अशी की टनाला किती घनमीटर आणि किलोला किती लिटर हे आकडे एकच असतात, बदलायची गरज नाही.

हे मिलिमीटर मोजायचे कसे? शेतात उपकरण लावायची गरज नाही. हवामानावरून संदर्भ बाष्पीभवन काढतात, म्हणजे पाणी भरपूर असलेलं साधं गवत त्या हवेत किती पाणी सोडेल ते, पेनमन-माँटिथचं सूत्र, आणि त्याला पिकाच्या वयानुसार बदलणाऱ्या गुणांकाने गुणतात, रोप लहान असताना कमी, भर बहरात जास्त. एफएओने (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) १९९८ मध्ये हे सगळं कोष्टकांसकट छापलंय आणि क्रॉपवॉट नावाचं त्यांचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात हवामान, पीक, लागवडीची तारीख टाकली की दर दहा दिवसांची गरज आणि त्यातला उपयोगी पाऊस काढून देतं.

आता आकडे घालू. मी मुद्दाम असे घेतलेत की उत्तर जागतिक सरासरीच्या आसपास यावं, तुमच्या शेताचे वेगळे असतील. समजा कापसाने हंगामात ७०० मिमी पाणी सोडलं, त्यातलं ४५० पावसाचं आणि २५० सिंचनाचं. म्हणजे हिरवं ४५०० घनमीटर आणि निळं २५०० घनमीटर, हेक्टरी. उत्पादन २ टन. तर टनाला हिरवं २२५० आणि निळं १२५०.

इथे एक खाचखळगा. शेतकऱ्याने सिंचन ४०० मिमी दिलं असेल, पंपाच्या तासांवरून तोच आकडा मिळतो, पण पिकाने त्यातलं २५०च वापरलं आणि बाकीचं खाली मुरून परत भूजलात गेलं. मग निळं २५० धरायचं, ४०० नाही. पण कालव्यातून शेतापर्यंत येताना जी वाफ झाली ती मात्र निळ्यात धरायची, आणि ती बहुतेक जण विसरतात.

करडं पाणी. समजा खतातून हेक्टरी ९० किलो नत्र (नायट्रोजन) टाकलं. त्यातलं साधारण १० टक्के निचरून पाण्यात जातं असं ढोबळ धरायची पद्धत आहे, म्हणजे ९ किलो. पाण्यात नायट्रेट-नत्राची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम धरू आणि नदीत मुळातच १ मिलिग्रॅम आहे असं धरू, म्हणजे नदीची 'पचवायची जागा' उरली ९ मिलिग्रॅम. ९ किलो म्हणजे ९० लाख मिलिग्रॅम, भागिले ९, बरोबर १० लाख लिटर, म्हणजे १००० घनमीटर. २ टनांनी भागलं की टनाला ५००. कीटकनाशकाचं वेगळं काढून त्यात मिळवायचं का? नाही. प्रत्येक घटकाचं काढायचं आणि सगळ्यात मोठं येईल तेवढंच घ्यायचं, कारण एका घटकाला विरळ करणारं पाणी बाकीच्यांनाही विरळ करतंच.

झालं, टनाला २२५० अधिक १२५० अधिक ५००, एकूण ४०००.

आता जिनिंग, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणं. १००० किलो कापसातून समजा ३५० किलो रुई निघाली, ६३० किलो सरकी, २० किलो कचरा. ४००० घनमीटर रुईच्याच डोक्यावर टाकायचे का? मग सरकी, जिचं तेल निघतं पेंड होते, ती फुकट सुटली. वजनाप्रमाणे वाटायचे का? मग सरकीवर रुईपेक्षा जास्त भार जाईल, पण कापूस कुणी सरकीसाठी लावत नाही. म्हणून वाटणी किमतीच्या प्रमाणात करतात. समजा विक्रीच्या एकूण रकमेत रुईचा वाटा ८० टक्के, सरकीचा २०. मग रुईला ३२०० घनमीटर, ते ३५० किलोवर, म्हणजे किलोला ९१४३ लिटर. सरकीला ८०० घनमीटर, ६३० किलोवर, किलोला १२७० च्या आसपास. ताळा करून बघा, ३२०० आणि ८०० मिळून ४००० च होतात. हा ताळा प्रत्येक टप्प्याला करा, पाणी कुठे उगवलं किंवा गायब झालं तर लगेच कळतं.

किमतीवर वाटणीची गंमत म्हणजे बाजारभाव बदलला की फूटप्रिंट बदलतो, शेतात एक थेंबही इकडचा तिकडे न होता. हे विचित्र आहे, मला अजून पचलेलं नाही, पण याहून बरा तोडगा सहसा सापडत नाही. निदान एका वर्षाचा भाव न घेता चार-पाच वर्षांची सरासरी घ्या.

पुढे सूतकताई आणि विणकामात समजा १० टक्के घट. ९१४३ भागिले ०.९, म्हणजे कापड किलोला १०,१५९ लिटर. पोस्टरवरच्या २५०० मागचे १० हजार ते हेच, आलो की नाही जवळ. कापड धुणं, रंगवणं यातलं पाणी इथे मिळवायचं, कारखान्याकडून मिळालं तर त्यांचा आकडा, आणि त्यातलं संपलेलं किती आणि करडं किती ते वेगळं. लिटरमध्ये हे पाणी शेताच्या मानाने फारच कमी दिसतं, पण रंगाचं सांडपाणी तसंच सोडलेलं असेल तर करड्या खात्यात मोठी उडी दिसते.

शेवटी कातरण. १६२ ग्रॅमच्या शर्टाला बेतताना समजा १८८ ग्रॅम कापड लागलं. ०.१८८ गुणिले १०,१५९, म्हणजे १९१० लिटर. नुसत्या गुणाकाराने १६२० आले होते. बहुतेक कातरणीनेच जवळपास ३०० लिटर वाढले बघा, म्हणजे बेतणारा माणूस किती हुशार आहे यावर पण फूटप्रिंट ठरतो.

याच गणिताने पाव, कागद, चामडं काहीही काढता येतं. आणि जवळजवळ दर वेळी हेच दिसतं की जिथे शेतातला कच्चा माल आहे तिथे कारखान्याचा नळ हा किरकोळ भाग असतो. साखर घातलेल्या अर्धा लिटर शीतपेयाचा २०११ मध्ये अभ्यास झाला होता, साखर कुठली आणि कुठल्या देशातली यावर एकूण आकडा १६९ ते ३०९ लिटर असा हलत होता आणि तो जवळपास सगळाच पुरवठा साखळीतला होता. तेव्हा घटकांची यादी वजनाप्रमाणे नाही तर वजन गुणिले किलोमागचं पाणी याप्रमाणे लावा, वरचे तीन-चार घटक नीट मोजा, बाकीच्यांना सरासरी लावून मोकळे व्हा. वजनाला चिमूटभर असलेला कोको कधीकधी पिठाला मागे टाकतो, चॉकलेटची सरासरीच किलोला १७ हजारांच्या वर आहे.

सेवेचं काय, तर लाँड्री

सेवेत वस्तू हातात येत नाही म्हणून लोकांना वाटतं पाणी कमी असेल किंवा मोजताच येणार नाही. उलट सेवेत मोजणं जास्त मजेचं, कारण मीटर समोर असतो.

एका छोट्या लाँड्रीचं मी केलं होतं ते सांगते, आकडे सोपे करून. कोरडे कपडे काट्याला लटकवून ८ किलो. मशीनच्या नळावर मीटर, एका धुण्याला ८० लिटर गेले. पिळून बाहेर काढल्यावर तेच कपडे परत लटकवले, १२ किलो. म्हणजे ४ लिटर पाणी कपड्यांत राहिलं आणि ते ड्रायरमध्ये वाफ होऊन जाणार, उरलेले ७६ गटारात. आता निळं किती? ८० म्हणालात तर चुकलात, आणि ४ म्हणालात तरी कदाचित चुकलात. गटार शुद्धीकरण केंद्रातून त्याच नदीत जात असेल जिथून पाणी आलं तर निळं ४ लिटर. तेच गटार समुद्रात जात असेल तर अख्खे ८० निळे. मशीन तेच, कपडे तेच, पाइप कुठे जातो त्यावर वीसपट फरक. म्हणून पहिला फोन मशीनवाल्याला नाही तर नळ-गटार बघणाऱ्या खात्याला करायचा, पाणी कुठून येतं आणि जातं कुठे.

करडं काढू. समजा शुद्धीकरण होऊनही त्या ७६ लिटरमध्ये एक घटक लिटरला ६ मिलिग्रॅम उरला, नळाच्या पाण्यात तो ०.५ होता, नदीची मर्यादा २.५ आणि नैसर्गिक पातळी ०.५. सोडलेली घाण ७६ गुणिले ६ म्हणजे ४५६, त्यातून आलेली वजा, ८० गुणिले ०.५ म्हणजे ४०. उरले ४१६ मिलिग्रॅम. भागिले २.५ वजा ०.५, म्हणजे २. उत्तर २०८ लिटर. मीटरवर ८० आणि करडं २०८. साबणाचा डोस निम्मा केला तर हा आकडा पटकन खाली येतो, पाणी कमी केलं तर फारसा नाही, कारण घाण तेवढीच राहते फक्त घट्ट होते.

मग वीज. ड्रायरला समजा साडेतीन युनिट लागली. कोळशावरचं केंद्र कूलिंग टॉवरवालं असेल तर युनिटमागे साधारण अडीच लिटर पाणी वाफ होतं, गॅसच्या कंबाइंड सायकल केंद्राला पाऊण लिटरच्या आसपास, पवन आणि सौर पॅनेलला चालवताना जवळजवळ नाहीच. कोळसा धरला तर पावणेनऊ लिटर. म्हणजे कपड्यांतले ४ लिटर उडवायला तिकडे त्याच्या दुपटीहून जास्त उडाले! दोरीवर वाळत घातले असते तर ४ लिटर तेवढेच गेले असते, तिकडचे पावणेनऊ वाचले असते.

विजेत दोन फसगती आहेत. एक, जी केंद्रं नदीचं पाणी आत घेऊन गरम करून लगेच परत सोडतात ती उपसतात प्रचंड पण संपवतात कमी, आणि टॉवरवाली उपसतात कमी पण त्यातलं बरंचसं हवेत सोडतात. कागदावर 'पाण्याचा वापर' लिहिलेला असेल तर कुठला ते विचारा. दोन, जलविद्युत म्हणजे पाणी लागतच नाही असं नाही, धरणाच्या पृष्ठभागावरून वाफ होते. २०१२ मध्ये छापलेल्या ३५ जलविद्युत प्रकल्पांच्या अभ्यासात सरासरी युनिटला जवळपास २४५ लिटर आली होती, पण ठिकाणाठिकाणी हजारपटीहून जास्त फरक होता, सपाट पसरलेला जलाशय आणि खोल दरीतला जलाशय यांची तुलनाच नाही. शिवाय त्याच धरणातून सिंचनही होत असेल तर सगळी वाफ विजेच्या माथी मारणं अन्याय. जलविद्युतचा आकडा वापरायचा तर वेगळ्या ओळीत लिहा.

डेटा सेंटरसाठी डब्ल्यूयूई नावाचं माप २०११ पासून वापरात आहे, सर्व्हरच्या एका युनिट विजेमागे किती लिटर. ते वाचताना एवढंच बघा की तो आकडा फक्त इमारतीतल्या पाण्याचा आहे की वीज बनवतानाचं पण धरलंय, कारण बरेचदा फक्त आतलाच असतो.

राहिला वरचा खर्च, फरशी पुसणं, कर्मचाऱ्यांचे टॉयलेट, चहापाणी. महिन्याचं मीटर बिल घ्या, मशीनवर मोजलेलं वजा करा, जे उरेल ते महिन्यात धुतलेल्या किलोंवर वाटा. हे करताना आमच्याकडे उरलेला आकडा इतका मोठा आला की मला वाटलं मीटरच खराब. मग रात्री ११ ला बंद करताना रीडिंग घेतलं, सकाळी ६ ला उघडताना परत घेतलं, सगळं बंद असताना १४० लिटरचा फरक. टॉयलेटच्या फ्लशची टाकी गळत होती, आवाज नाही काही नाही, तासाला २० लिटर. तुम्ही काही मोजा न मोजा, ही रात्रीची टेस्ट एकदा कराच.

मशीन बनवायला लागलेलं स्टील, इमारत वगैरे सहसा सोडतात, कारण लाखो किलो कपड्यांवर वाटलं की काही उरत नाही. सोडलंय असं लिहून ठेवा म्हणजे झालं.

लिटर कुठले, ते पण मोजायचं

इथे त्या दोन पद्धतींचं भांडण येतं. हूक्स्ट्रांची बाजू म्हणते की आधी लिटर नीट मोजा, रंगाप्रमाणे आणि ठिकाणाप्रमाणे, मग त्या खोऱ्यात ते झेपणारे आहेत का ते वेगळं तपासा. आयएसओ म्हणतं नुसते लिटर म्हणजे फूटप्रिंट नाहीच, ती फक्त यादी झाली, परिणाम काढल्याशिवाय त्याला वॉटर फूटप्रिंट म्हणू नका. परिणामासाठी जास्त वापरला जाणारा गुणक म्हणजे अवेअर, त्या खोऱ्यात माणसांची आणि निसर्गाची गरज भागल्यावर किती पाणी उरतं यावर तो ठरतो. ०.१ ते १०० पर्यंत असतो, जगाच्या सरासरीला १.

म्हणजे पाणी मुबलक असलेल्या ठिकाणचे ५०० लिटर गुणिले ०.५, झाले २५०. टंचाईच्या ठिकाणचे ५० लिटर गुणिले ४०, झाले २०००. कागदावर दहापट कमी वापरणारा पुरवठादार आठपट जड निघाला. फक्त हे २५० आणि २००० लिटर नाहीत हो, ते तुलनेचे गुण आहेत, त्यांना लिटर म्हणून पोस्टरवर छापलं की झाला गोंधळ. हा गुणक महिन्याप्रमाणेही मिळतो आणि शेतीमालाला महिन्याचाच घ्यावा, वर्षाची सरासरी घेतली की कोरड्या महिन्यातलं सिंचन पावसाळ्याच्या मागे लपतं.

माझं मत विचाराल तर दोन्ही करा. लिटर मोजल्याशिवाय कुठे गळतंय ते कळत नाही, आणि गुणक लावल्याशिवाय आधी कुठली गळती बंद करायची ते कळत नाही.

डेटाचं म्हणाल तर आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पुरवठादाराला 'तुमचा वॉटर फूटप्रिंट पाठवा' असं विचारलंत तर एकतर उत्तर येत नाही नाहीतर गुळगुळीत ब्रोशर येतं. त्यापेक्षा त्याला माहीत असलेल्या गोष्टी विचारा: माल कुठल्या जिल्ह्यातला, हेक्टरी उत्पादन किती, सिंचन आहे की पावसावर, नत्र किती किलो, महिन्याचं मीटर रीडिंग, सांडपाणी कुठे सोडता. यातून आकडा तुम्हीच काढू शकता. नाहीच मिळालं तर देशाची सरासरी, तीही नसेल तर जगाची, आणि शीटमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी मोजलेला, पुरवठादाराने सांगितलेला की सरासरी असं एक-एक शब्दाचं लेबल लावा. मी सेलला रंग देते, मोजलेला पांढरा, सरासरीचा पिवळा. शीट उघडली आणि सगळी पिवळी दिसली की समजायचं आपण नुसता अंदाज सुबक टाइप केलाय.

मग एक एक पिवळा आकडा हलवून बघा. शर्टाच्या हिशोबात उत्पादन २ टनांऐवजी १.५ टन केलं की १९१० चे थेट २५५० होतात. नत्राचं निचऱ्याचं प्रमाण १० वरून १५ टक्के केलं तर १९१० चे २०३० होतात. म्हणजे उत्पादनाचा खरा आकडा मिळवण्यासाठी दोन दिवस घालवणं परवडतं, निचऱ्यासाठी आत्ता नाही.

आणि उत्तर लिहिताना १९०९.८९२ असं लिहू नका, एक्सेल देतं म्हणून. मी माझ्या शर्टाचं असं लिहिलं: एक टी-शर्ट, १६२ ग्रॅम, शेत ते शिलाई, धुणं-इस्त्री आणि वाहतूक सोडून, हिरवं साधारण १०७५ लिटर, निळं ६००, करडं २४०, रंगकामाचं पाणी मिळालं नाही म्हणून धरलेलं नाही, उत्पादनाच्या फरकाने एकूण आकडा १९०० ते २५५० मध्ये कुठेही असू शकतो.